माणिकवेस ते घोटखेड, ओढ्याच्या वाटेने

एकदा एका राजाच्या मनात आलं, की आपल्या मुलखात राहायला सगळ्यांत चांगलं गाव कोणतं आणि सगळ्यांत वाईट कोणतं, हे एकदाचं ठरवून टाकावं. मुलूख सगळा खेड्यांचा. शहर म्हणावं असं एक राजधानीचं ठिकाण, तेही वेशीतून शिरलो म्हणेपर्यंत संपणारं. बाकी नुसती शेतं, ओढे, टेकड्या आणि त्यांच्या आडोशाला धरून बसलेली गावं.

राजा मनाचा वाईट नव्हता, पण त्याला कामं झटपट उरकायची सवय होती. त्यानं सांगितलं, जे गाव उत्तम ठरेल तिथं परगण्याचं ठाणं येईल आणि मोठा बाजार भरेल. जे अधम ठरेल ते उठवलं जाईल. माणसं चार ठिकाणी वाटून दिली जातील आणि त्या जागेवर सरकारी घोड्यांसाठी कुरण होईल. वाईट गाव उरलंच नाही, तर मुलखात वाईट असं काही राहणार नाही, असा त्याचा साधा विचार.

आता हा निवाडा करायचा कोणी? राजधानीबाहेरच्या टेकडीवर एक वृद्ध सत्पुरुष राहत असे. लोक त्याला बाबा म्हणत. राजानं त्याला बोलावणं धाडलं, तर त्यानं हात जोडून नकार दिला. तेव्हा त्याचा एक शिष्य पुढं झाला. शिष्य तरुण होता, शिकलेला होता आणि मनाचा स्वच्छ होता. त्यानं परवानगी मागितली. म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, कशानं जाणार? शिष्य म्हणाला, राजानं बैलगाडी दिली आहे. म्हातारा बरं म्हणाला आणि पुन्हा आपल्या कामाला लागला.

शिष्य निश्चयाचा पक्का. कोणाचा पाहुणचार घ्यायचा नाही, ऐकीव गोष्टीवर भरवसा ठेवायचा नाही, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही, असं ठरवूनच तो निघाला. पावसाळी वाटा वाळल्या तसा तो गावोगाव हिंडू लागला. रस्ते पाहिले, देवळं पाहिली, चावडीवर किती भांडणं येतात ते विचारलं, गुरांच्या पाठीवरून हात फिरवला, घरात शिरून चुली पाहिल्या. थंडी पडेपर्यंत त्याचं मत बनत आलं.

उत्तम गाव माणिकवेस. याबद्दल त्याच्या मनात शंकाच उरली नाही. वेशीत शिरताच पाय धुवायला पाणी. गल्ल्या अशा, की पडलेला दाणा उचलून खावा. अंबाडीचे दोर वळणं हा त्या गावाचा धंदा. मुलखातल्या निम्म्या विहिरींवर त्यांचेच दोर. साल सुटावी म्हणून अंबाडी पाण्यात कुजत घातली की तिला असह्य वास सुटतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण माणिकवेसच्या शहाण्या माणसांनी फार पूर्वीच नियम घालून घेतला होता. अंबाडी भिजवायची ती गावाखाली, ओढ्याच्या वळणापलीकडच्या डोहात. वासाचा कण गावात येता कामा नये. आणखी एक रीत त्यांची नावाजलेली. पाहुणा जेवायला बसला, की यजमानानं स्वतःच्या हातानं त्याच्या तांब्यात पाणी ओतायचं. तोवर पाहुण्यानं घास उचलायचा नाही. शिष्याला हे सगळं फार भावलं.

आणि अधम गाव घोटखेड. ते वेगळ्या परगण्यात. माणिकवेसहून गाडीवाटेनं गेलं तर टेकडीला वळसा घालून, दोन घाट चढून-उतरून सगळा दिवस मोडतो. शिष्य तिथं पोहोचला तेव्हा वेस अर्धी ढासळलेली होती आणि घरांच्या भिंती लिंपलेल्या नव्हत्या. पोरांच्या पायांवर खरूज. ओढ्याच्या वाळूत बायकांनी झिरे खणलेले, आणि त्यातलं गढूळ पाणी वाटीवाटीनं उपसताना त्यांची भांडणं अशी पेटलेली की ऐकवत नव्हतं. त्या गावात कोणी मुलगी देत नाही, असंही त्याला कळलं. हे सगळं त्यानं एक वेळ गरिबी म्हणून सोडून दिलं असतं. पण तो तहानलेला होता. झिऱ्यापाशी साळूबाई नावाची एक वयस्कर बाई नुकतीच घागर भरून उठत होती. त्यानं ओंजळ पुढं केली. बाईनं एकवार त्याच्याकडं पाहिलं, आणि भरलेली घागर त्याच्यासमोर वाळूत उपडी केली.

त्या क्षणी निकाल लागला. तहानलेल्या पाहुण्यापुढं घागर उपडी करणारं गाव राहिलं काय आणि उठलं काय.

शिष्यानं राजाला तसं सांगितलं. राजा खूश झाला. पौष पौर्णिमेला दवंडी फिरवायची ठरलं. कुरणाच्या कुंपणासाठी खांब तोडायलासुद्धा माणसं लागली. मग शिष्य टेकडीवर गेला आणि मोठ्या समाधानानं त्यानं सगळी हकीकत म्हाताऱ्याला ऐकवली. म्हाताऱ्यानं ती शांतपणे ऐकून घेतली आणि काठी उचलली.

"चल," तो म्हणाला, "ही दोन्ही गावं मलाही पाहू दे."

शिष्य गाडी जुंपायला निघाला, तर म्हातारा पायीच वाटेला लागलेला.

माणिकवेसला त्यांचं स्वागत झालं ते विचारू नये. उत्तम गाव म्हणून आपली निवड झाली आहे, ही कुणकुण तिथं पोहोचलीच होती. रघोजी पाटलानं दोघांना आपल्या घरी नेलं. पाटील भला माणूस. बोलण्यात नम्र, वागण्यात सरळ. पाट मांडले, रांगोळी घातली, पानं वाढली. वरण, भात, मांडे, भरीत, तुपाची वाटी. पाटील पाण्याचा तांब्या घ्यायला उठणार, एवढ्यात म्हाताऱ्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, की पाटील, तुमचा हा ओढा जातो कुठं?

"खाली जातो, बाबाजी."

"खाली म्हणजे?"

पाटील हसला. "खाली म्हणजे गावाबाहेर. आणखी कुठं जाणार?"

म्हातारा पानावरून उठला. कोणाला काही कळायच्या आत तो परसातून बाहेर पडला, घाटाच्या पायऱ्या उतरला, वहाणा काढून हातात घेतल्या, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि ओढ्यात शिरून प्रवाहाबरोबर चालू लागला.

घरात एकच धांदल उडाली. शिष्य शरमेनं अर्धा झाला. वाढलेल्या पानावरून पाहुणा न जेवता उठून गेला, ही गोष्ट माणिकवेसच्या इतिहासात घडलेली नव्हती. उद्या बाजार भरणार, ठाणं येणार आणि लोक म्हणणार, त्या साधूला तिथं उपाशी जावं लागलं. पाटलानं मागचापुढचा विचार केला नाही. म्हाताऱ्याचं ताट उचललं, त्यावर केळीचं पान झाकलं आणि स्वतःच ते दोन्ही हातांत धरून पाण्यात उतरला. मागोमाग शिष्य.

अशी ती वरात निघाली. पुढं म्हातारा काठी टेकत, मागं पाटील ताट सांभाळत, वरण सांडू नये म्हणून पाय जपून टाकत.

"बाबाजी, काही चुकलं का आमचं? मीठ कमी पडलं का?"

"अजून चव कुठं पाहिली, पाटील? जरा पुढं जाऊन जेवू."

वळण आलं. वळणापलीकडं डोह. तिथं पाटलाचीच माणसं कमरेएवढ्या काळ्या पाण्यात उभी राहून, दगडांखाली दडपलेल्या अंबाडीच्या मोळ्या वर काढत होती. साली सुटल्या होत्या, दोराच्या धाग्यांचा वाख धुतला जात होता आणि नाक धरल्याशिवाय उभं राहवत नव्हतं. झाकलेलं ताट घेऊन पाण्यातून येणारा आपला पाटील पाहून सगळे थबकले. त्यातला एक जण म्हणाला, "पाटील, आज आमची भाकर तुम्ही आणलीत व्हय?" बाकीचे तोंड फिरवून हसले. पाटील मात्र हसला नाही.

डोह ओलांडल्यावर तो थांबला. म्हणाला, यापुढं वाट नाही, बाबाजी. आमच्यातलं कोणी यापुढं गेलेलं नाही.

"पाण्याला तर वाट आहे," म्हातारा म्हणाला आणि चालत राहिला.

तुम्ही कधी वाहत्या पाण्याबरोबर चाललात तर तुम्हाला ठाऊक असेल, की पाणी कुठंही वळसा घालत बसत नाही. टेकडीच्या दोन दरडांच्या मधून ओढा सरळ उतरत गेला होता. पाणी काळं होतं. त्यावर तवंग होता, कडेला मेलेले मासे पांढरे पडले होते. शिष्याच्या पोटऱ्यांना खाज सुटली. पाटलाचं सगळं लक्ष ताटात, की पायांखाली, की आणखी कशात, ते सांगता येत नव्हतं.

थोड्याच वेळात दरड संपली आणि समोर उघडी वाळू लागली. पलीकडं चुलींचा धूर दिसला. मग अर्धी ढासळलेली वेस दिसली. शिष्य जागच्या जागी उभा राहिला. ही वेस त्यानं पाहिली होती. ती पाहायला त्याला सबंध दिवस गाडीत हादरे खावे लागले होते. आणि इथं तर माणिकवेसचा भात अजून निवालाही नव्हता.

"हे घोटखेड आहे," तो पुटपुटला.

"असं कसं? घोटखेड तिकडं, त्या परगण्यात. लांब आहे ते," पाटील म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

म्हातारा जाऊन एका झिऱ्याच्या काठी वाळूतच मांडी घालून बसला. झिऱ्यात साळूबाई वाटीनं पाणी उपसत होती. कुरणाची बातमी तिच्याही कानावर आली होती. तिनं तिघांकडं पाहिलं, ताटाकडं पाहिलं आणि म्हणाली, गाव उठवायला आलात म्हणायचं. जेवण करूनच उठवणार काय?

शिष्याला मान वर करता येईना. म्हाताऱ्यानं पाटलाला खूण केली. पाटलानं ताट त्याच्यापुढं ठेवलं, केळीचं पान काढलं आणि तो हात जोडून बाजूला उभा राहिला.

"पाटील," म्हातारा म्हणाला, "तुमच्याकडची रीत आहे ना? पाणी वाढा. मग मी घास घेतो."

पाटलानं साळूबाईकडून तांब्या मागून घेतला. झिऱ्यात बुडवला. वर काढला, आणि तो त्याच्या तोंडाजवळून गेला तसा पाटलाचा हात थबकला. तो वास त्याच्या ओळखीचा होता. जन्मापासून ओळखीचा. आपल्या गावात ज्याचा कणही येऊ नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपलं, तो वास. तांब्यात वाखाचा एक केसाएवढा धागा तरंगत होता.

तो तसाच उभा राहिला. ओतावं तर ओतवेना, ठेवावं तर रीत मोडते. शेवटी त्यानं तांब्या वाळूत रिकामा केला.

"हे पाणी तुम्हाला देऊ शकत नाही, बाबाजी. माझ्या हातानं नाही."

साळूबाई शिष्याकडं वळली.

"त्या दिवशी मी बी हेच केलं, पोरा. दिलं असतं तर तू पिऊन टाकलं असतंस. तान्हेला होतास. आम्हाला सवय हाय, तुला रोग लागला असता. पाहुण्याला काय द्यायचं न्हाई, एवढं आम्हालाही कळतं."

शिष्याच्या डोळ्यांसमोर ती उपडी झालेली घागर आली. ती भरायला तिला किती वाट्या उपसाव्या लागल्या असतील, याचा विचार त्या दिवशी त्याच्या मनाला शिवलाही नव्हता.

पाटलानं दबलेल्या आवाजात विचारलं, की तुम्ही आमच्याकडं येऊन सांगितलं का नाहीत? साळूबाई म्हणाली, आमची माणसं आली होती की. वेशीवर पाय धुवायला लावले, पायांची खरूज दिसली, तशी बाहेरूनच माघारी लावली. मग ठाण्यात गेलो, तर म्हणाले पाणी दुसऱ्या परगण्याचं. मग गाव सोडून का जात नाही, असं शिष्यानं विचारलं. त्यावर ती रागावली नाही. म्हणाली, "काळी जमीन हाय आमची. हरभरा बघ कसा उभा हाय. गाव काय अंगरखा हाय, डाग पडला म्हणून काढून टाकायला? दर साली नवे झिरे खणतो. पुढं बी खणू. तुमचं कुरण आलं तरी कुंपणाच्या आतच खणू."

मग म्हातारा बोलला. त्याचा आवाज वाळूवरून वाहणाऱ्या वाऱ्यासारखा मृदू होता.

"पाटील, तुमच्या गावात खोट नाही. तुम्ही गल्ल्या झाडता, भांडत नाही, पाहुण्याला मान देता आणि घाण गावाबाहेर टाकता. फक्त एवढंच विसरलात, की गावाबाहेर अशी जागा या पृथ्वीवर कुठंही नाही. तुमचं जे गावाबाहेर, ते कोणाच्या तरी गावाच्या मधोमध असतं." मग तो शिष्याकडं वळला. "आणि बाळा, तू दोन गावं पाहिलीस असं तुला वाटतं. तू पाहिलंस ते एकाच घराचं अंगण आणि त्याचाच उकिरडा. अंगणाला बक्षीस आणि उकिरड्याला शिक्षा, असा न्याय तू घेऊन आलास. तू खोटं काही बोलला नाहीस. तू गाडीवाटेनं गेलास, इतकंच. गाडीवाट आपल्याला गावाच्या तोंडापाशी नेऊन सोडते. गाव खरं कळतं, ते त्यानं जे टाकून दिलं त्याच्यामागं चालत गेल्यावर."

एवढं बोलून त्यानं ताट मधे सरकवलं. साळूबाईलाही बसवलं. चौघांनी ते अन्न वाटून घेतलं. पाणी कोणीच मागितलं नाही. घास कोरडा होता, सावकाश उतरत होता आणि पाटलाला तो सगळ्यांत जड गेला.

पौर्णिमा जवळ आली होती. शिष्य पाटलाला बरोबर घेऊन तिथून थेट राजधानीला गेला आणि भरल्या दरबारात म्हणाला, की माझा निवाडा चुकला, दवंडी थांबवावी.

राजाच्या कपाळाला आठी पडली. काल उत्तम वाटलेलं गाव आज अधम कसं झालं, असं त्यानं विचारलं. शिष्य म्हणाला, ते अधम नाही आणि घोटखेडही अधम नाही, ओढ्यातून चालत गेलो तेव्हा हे कळलं. कारभारी हसून म्हणाला, "ओढ्याच्या गार पाण्यात पाय बुडाले की पडसं होतं असं ऐकलं होतं. ज्ञान होतं हे आजच कळलं." दरबार हसला. शिष्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या, पण तो जागचा हलला नाही. आपल्याला लोक आता चंचल म्हणतील, यापुढं कुठलाही निवाडा आपल्याकडं येणार नाही, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. तरीही तो उभा राहिला.

"महाराज, घोटखेड उठवा. पाणी तसंच खाली बोरदरीला जात राहील. पुढच्या साली बोरदरी मुलखातलं सगळ्यांत वाईट गाव ठरेल. तेही उठवा. मग त्याच्या खालचं. मी ओढ्याची वाट विचारून आलो आहे. सगळ्यांत शेवटी तो आपल्या राजधानीच्या घाटाला येऊन मिळतो."

कोणी हसलं नाही. राजा म्हणाला, की ठीक आहे, अंबाडी बंद करतो. तेव्हा मागं उभा असलेला रघोजी पाटील पुढं आला. म्हणाला, बंद करू नका, महाराज. विहिरींना दोर लागणारच. आम्ही आमच्याच शिवारात हौद खणू, अंबाडी तिथं कुजवू आणि ते पाणी आमच्याच मळ्यात जिरवू. राजानं त्याला आठवण करून दिली, की वारा फिरला की वास गावात येईल. मग त्या गावाला कोणी उत्तम म्हणणार नाही. ठाणं नाही, बाजार नाही.

"नको," पाटील म्हणाला.

गावात परतल्यावर त्याला हे सोपं गेलं असेल असं समजू नका. भाऊबंद बोलेनासे झाले. आमच्या पिढ्यांनी राखलेलं नाव तू ओढ्यात बुडवलंस, असं तोंडावर म्हणाले. पाटलानं कोणाशी वाद घातला नाही. कुदळ घेतली आणि आपल्या शेतात पहिला हौद स्वतः खणायला घेतला. पुढं कोणी लाजून आलं, कोणी चिडून आलं, पण आले.

वर्ष फिरलं. पुन्हा थंडी पडली. शिष्य एकटाच आणि पायीच ओढ्याच्या काठानं फिरायला निघाला. घोटखेडच्या वाळूत अजून झिरे होते, पण प्रवाह नितळ वाहत होता आणि दोन म्हशी खुशाल त्यात बसल्या होत्या. तिथून तो पाण्याच्या उलट चालत माणिकवेसला आला.

वारा शेताकडून सुटला होता. गल्लीगल्लीत अंबाडीचा कुजका वास भरून राहिला होता. दोर खरेदीला आलेला कोणी परमुलखातला व्यापारी उपरण्यानं नाक दाबून पाटलाच्या ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "पाटील, या गावाची फार कीर्ती ऐकली होती हो. ही दुर्गंधी कुठून आली?"

पाटील दोर वळत होता. हात न थांबवता म्हणाला, "आली नाही, शेटजी. आमचीच आहे. इतकी वर्षं ती आम्ही दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवली होती."

व्यापाऱ्याला काही कळलं नाही. शिष्य ओट्याच्या कडेला बसला. पाटलानं उठून स्वतःच्या हातानं त्याच्या तांब्यात पाणी ओतलं. शिष्य ते पोटभर प्याला आणि दोराचं दुसरं टोक धरून पीळ भरू लागला.

आपलं घर लखलखीत झाडून झालं, की केर कुठं गेला, एवढं प्रत्येकानं एकदा त्याच्यामागं चालत जाऊन पाहावं.